शेवटच्या डब्यावरची नजर

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील स्टेशनमास्तरसाहेब, वडीलधारी मंडळी, मायभगिनी आणि लोणावळा स्टेशनातील माझ्या सोबत्यांनो,

आपण निरोपाची ही शाल घातलीत, चार शब्द चांगले बोललात. १९०५ साली रुजू झाल्यापासून तेहतीस वर्षांत, गाड्यांचे रूळ बदलून देताना, या अंबाजी पॉइंट्समनच्या हातून एकही गाडी घसरली नाही, असं मास्तरसाहेब म्हणाले. खरं आहे. हा माणूस कधी हसला का, हे मात्र कुणी विचारलं नाही, त्याबद्दल आधी आभार मानतो!

गंमत सोडा. माझं मन तरुणपणापासून उदास आहे. अन्न गोड लागत नाही, चार माणसांत बसूनही एकटं वाटतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आता लोणावळ्याच्या माणसानं हवापालटाला जायचं कुठं?

मूळ कुठं आहे ते मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. वडील, भिमाजी, इथंच पॉइंट्समन. त्यांनी मला शाळेसाठी पुण्याला मामाकडे धाडलं. गाडी सुटली, तेव्हा ते रुळांकाठी हिरवी झेंडी धरून उभे. मी खिडकीतून हाका मारतोय, आणि ते माझ्याकडे न बघता गाडीच्या मागच्या टोकाकडेच बघताहेत. त्याच पावसाळ्यात ते वारले. बापाला मी नकोसा होतो, हे मी तेव्हाच मनाशी धरलं.

पुढं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नियम शिकलो. गाडी जाताना नजर शेवटच्या डब्यावरच्या खुणेवर हवी, मधेच डबे तुटून मागे राहिले नाहीत ना, हे बघायला. डोक्याला पटलं, मनाला नाही. यंदा वडिलांचे जोडीदार गेणूभाऊ म्हणाले, "आरं, गाडी दिसंनाशी झाली तरी त्यो झेंडी धरून हुबाच व्हता. म्या जाऊन हातातनं काढली." मी रडलो. पण बरा झालो का? नाही. शेहेचाळीस वर्षं मुरलेलं एका वाक्यानं कसं निघणार?

आणि मंडळी, मी स्वतः काय केलं? माझी लेक शालू सासरी निघाली, त्या गाडीला झेंडी माझ्याच हातात होती. रजा मागायचं सुचलं नाही. तीही खिडकीत होती, मीही मागेच बघत राहिलो. रेल्वेवाल्याची पोर आहे, तिला नियम कळत असेल, असं धरून चाललो. सांगितला कधीच नाही. सात वर्षांत ती माहेरी दोनदा आली. आज आली आहे. तिकडे दाराजवळ, खांबाला टेकून, खाली मान घालून बसली आहे.

असो. आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. शालू, तूही घाल. बाळ, आज माझ्या हातात झेंडी नाही. जरा मान वर कर, मला तुझ्याकडे बघू दे.