नुसतं पान

बसच्या रांगेत उभ्या असलेल्या एका निवृत्त तंत्रशिक्षकांच्या कानी पुढच्या दोघी बहिणींचे बोलणे पडत होते.

“ताई, घोडचूक झालीय माझ्या हातून.”

“प्रयोगशाळा पेटवलीस की काय, डॉक्टरीणबाई?”

“थट्टा नको गं. झाड तहानलं की पानात चमकणारं रसायन मी बनवलं ना? परीक्षानळीत शंभरदा तपासलं. रसायन न घातलेलं नुसतं पान मात्र काल प्रथमच पाहिलं.”

“मग?”

“तेही तितकंच चमकलं. म्हणजे ती चमक माझ्या रसायनाची नाहीच.”

“अगंबाई! तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलंस?”

“सांगितलं तर नेमणूक जाईल. उद्या परिषदेत ते हेच दाखवणार आहेत.”

“म्हणजे चारचौघांत त्यांना तोंडघशी पाडणार तू?”

“ताई, बस आली.”

“येऊ दे. आधी फोन लाव.”

“तूच लाव ना.”

“मी लावते. बोलायचं मात्र तूच.”

रांग पुढे सरकली. शिक्षक जागचे हलले नाहीत.

“हॅलो, सर? उद्या ते पान दाखवू नका.”