तीन गोल ठिपके

हॅलो?… हॅलो! अगं, किती वेळ लावलास फोन करायला! पोचलात ना?… केव्हाच? मग केव्हाच नाही का करायचा फोन? इथे माझ्या जिवाला नुसता घोर. मशीनवर बसलेय, पण एक टाका सरळ पडेल तर शपथ.

हो… हो… अगं ऐक ना, आधी मला सांग, टेम्पोतून मोटरसायकल नीट उतरली?… बाबांनी उतरवली? त्यांचा गुडघा काय म्हणतोय माहितीये ना तुला… बरं, फळी लावून. बरं.

खाल्लंत काही?… नुसती केळी? डब्यात उकडलेली अंडी आहेत, ती कोण खाणार? रिकाम्या पोटी त्या ट्रॅकवर जायचं नाही, सांगून ठेवते. जाऊच नकोस म्हटलं तर तू ऐकणारी नाहीस, निदान खाऊन तरी जा.

नाही, मी पुन्हा सुरू करत नाहीये. नाही करत म्हटलं ना!… मी एवढंच म्हणते की शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं गोल गोल फिरून परत तिथेच यायचं, आणि तेवढ्यासाठी माझ्या घराचं गॅरेज झालं. आरसे माझ्या कपाटावर. मागचा दिवा बाबांच्या उशाशी. आज सकाळी बटणांचा डबा उघडला तर आत हॉर्न! हॉर्नसुद्धा काढलास, आता पुढच्याला बाजूला हो म्हणून कसं सांगणार?… सांगायचंच नसतं?… धन्य आहे.

हो गं, ऐकलंय. गाडी जुनी आहे पण हाडाची मजबूत आहे. तुझे बाबा माझ्याबद्दलही हेच सांगत असतात लोकांना.

हसते कुठे? घाबरलेय, म्हणून हसतेय.

बरं, तो चामड्याचा सूट घातलास का?… कोपर बघितलंस? हात वाकवून बघ… ओढतंय?… मग ठीक. मेण लावलेला दोरा आहे, तीनदा फिरवलाय. कोणीतरी आपटून फाडलेला सूट, त्या भोकामुळेच तर स्वस्तात मिळाला आपल्याला. माझी शिवण उसवायची नाही. पण म्हणून तिची परीक्षा बघायला जाऊ नकोस.

तपासणी झाली?… मग? काय म्हणाला तो तपासणारा?… टायर बघितले? दुसऱ्याने वापरून टाकलेत हे कळलं नाही ना त्याला?… कळलं? अगं बाई. मग?… अजून जीव आहे त्यांच्यात, असं म्हणाला?… आणि तो तेलाचा बोल्ट, तू तारेने बांधलेला?… ते चांगलं असतं? तारेने बांधलेल्या गाडीला चांगलं म्हणतात? बरं बाई, तुमची दुनियाच वेगळी.

आणखी काय म्हणाला?… कसला लाल रंग?… बोल्टांवरचा?… काम नीटनेटकं आहे म्हणाला?… हे बघ! मग त्यात माझाही वाटा आहे म्हणावं त्याला.

म्हणजे काय म्हणजे? नेलपॉलिश माझी आहे ना? आणि लावलीये पण मी… सगळ्यांना नाही गं, ती तूच लावलीस. राहिलेल्यांना मी लावली.

अगं, राहिलेल्यांना! सकाळी तुम्ही दोघं चहा घेत होतात, मी गाडीवरची चादर काढली तर काही बोल्ट तसेच उघडे. म्हटलं, पोरगी रात्री दमून झोपली, हिचे हे राहिले. मला उघडं राहिलेलं बघवत नाही, तुला माहितीये. लावून टाकली.

हॅलो?… हॅलो? कट झाला का?… आहेस? ओरडतेस काय अशी?

काय केलं मी?… अगं हळू, नीट सांग… हो… लाल रेघ मारली म्हणजे पान्याने आवळून झाला… हो… आणि ज्याच्यावर रेघ नाही…

अगं आई गं.

म्हणजे ते राहिले नव्हते. तू ठेवले होतेस. रात्री डोळे मिटायला लागले म्हणून नुसते हाताने बसवलेस आणि तिथे जाऊन आवळणार होतीस… मग सकाळी तुला ते लाल दिसले कसे नाहीत?… दिसले. वाटलं बाबांनी आवळले. आणि बाबांना वाटलं तू. आणि आवळले कोणीच नाहीत. तू कच्चा धावदोरा घालून ठेवलास आणि मी वरून इस्त्री फिरवली.

गाडी कुठाय आत्ता?… रांगेत? रांगेत कोणी नेली?… बाबांनी? चालवत?… ढकलत. ढकलत ना नक्की? हाक मार त्यांना. मोठ्याने मार, त्यांना ऐकू कमी येतं! अहो! अहो, थांबा!… मी इथून ओरडून काय उपयोग, तू ओरड!

आले?… मिळाली गाडी?… बाजूला घे. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. कोणी बघत असेल तर बघू दे.

कोणते म्हणजे… थांब, आठवू दे. ओरडू नकोस, ओरडलीस की मला काही आठवत नाही… पुढच्या चाकापाशी. तो ब्रेकचा ठोकळा आहे ना, चाकाच्या ताटलीला धरून बसतो तो, त्याचे. दोन. हो, दोन, एकावर एक… आणि… आणखी होता. एक होता. की दोन?

अगं, मी काय मोजत बसले होते का? दुसरा चहा उतू जायला आला होता.

सगळेच पुन्हा बघायचे म्हणतेस?… मग बघ ना!… किती वेळ आहे?… भोंगा झाला की तुमचाच गट?… अगं मग जाऊ दे तो गट!… थांब, दारात कोणीतरी आलंय… नाही हो, पँट नाही झाली अजून. उद्या या. नाही, तब्येत बरी आहे, तोंड असंच आहे माझं. उद्या या… हं, बोल. गिऱ्हाईक होतं.

ऐक. ऐक ना माझं. तू रेघ मारतेस ना? बोल्टापासून खाली लोखंडापर्यंत, अशी सरळ?… हो, बोल्ट फिरला की रेघ तुटते म्हणून. आत्ता कळतंय गं मला ते, तू सांगत होतीस तेव्हा मी कॉलर उलटवत होते… तर मी रेघ नाही मारली. मी बोल्टाच्या डोक्यावर ठिपका दिला. गोल. नीट, मधोमध. दोन हात दिले, बटणासारखा दिसावा म्हणून.

हां! रेघेचे तुझे, ठिपक्याचे माझे. बघ, बघ पटकन. बाबांना म्हणावं चष्मा लावा… पुढचे दोन सापडले?… गोल आहेत?… हात लाव बरं… काय?

बोटाने फिरला?

नुसत्या बोटाने?

थांब. मशीन बंद करते. 

पाना कुठाय? तो गॅरेजवाल्या काकांचा, बोल्ट पुरता आवळला की टक्क वाजणारा?… काढ. नाही, फोन ठेवू नकोस. बाबांकडे दे, त्यांना बोल्टापाशी धरायला सांग. मला ती टक्क ऐकू आली पाहिजे. कानाने ऐकल्याशिवाय माझा विश्वास नाही बसायचा आता.

अहो, नीट धरा. पान्याच्या जवळ… पंख्याचा आवाज येतोय का तो?… वारा. बरं… हं… ऐकलं! पहिला. घ्या दुसरा… अजून नाही… अजून नाही… ऐकलं.

आता तिसरा. होताच एक, मला पक्कं आठवतंय, बाटली पुन्हा उघडली होती मी… नाही सापडत? सगळीकडे रेघाच आहेत?… नाही, भास नाही माझा. थांबा दोघं. काही करू नका, मी पॅसेजमध्ये जाते.

हं. इथे गाडी होती. तेलाचे डाग पडलेला पेपर आहे अजून तसाच… तोंड दाराकडे होतं ना गाडीचं? म्हणजे पुढचं चाक हे इथे. इथे मी स्टुलावर बसले, ते दोन लावले. मग उठले… बाटली डाव्या हातात… मग कुठे गेले मी? चहा बघायला गेले. परत आले… कोणत्या बाजूने आले?

थांबा हं. फरशीवर काहीतरी आहे. लाल थेंब! सांडला होता माझ्याकडून, पुसायचा म्हणून राहिला… इथे, भिंतीच्या बाजूला. मागच्या चाकापाशी. धुराड्याची बाजू ती… हो, सायलेन्सर! सायलेन्सरच्या मागे, खाली वाकून बघा. वाकल्याशिवाय दिसायचा नाही, मी जवळजवळ आडवी झाले होते तिथे.

मोठा आहे?… गोल ठिपका?… काय आहे तो?

मागच्या चाकाचा.

म्हणजे चाकच त्याच्यावर… नको. नको सांगूस. काल साखळी ताणायला सैल केला होतास, कळलं. आवळ आधी… हं… ऐकलं. ही तिसरी टक्क.

…

पाना खाली ठेवलास?  मी जाऊ नकोस, जाऊ नकोस म्हणत डोकं खाल्लं तुझं, आणि माझ्याच हाताने तुला… काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं?… नाही, मला बोलू दे. चांगलंच करायला गेले होते, पण विचारायला काय झालं होतं मला? तुम्ही दोघं चार पावलांवर बसला होतात.

काय म्हणतेस?… घरी येते?… टेम्पोत चढवून सरळ घरी?

बाबा काय म्हणतात?… तेही तेच म्हणतात.

अगं, मला तर हेच हवं होतं. सकाळपासून देवाकडे हेच मागतेय. 'ये' म्हणून अगदी ओठावर आलं होतं बघ… पण नको. अशी नको येऊस. अशी आलीस तर ती गाडी पुन्हा पॅसेजच्या बाहेर निघायची नाही. तू मला काही बोलणार नाहीस, पण मी येता-जाता त्या चादरीला अडखळणार, आणि आपल्या दोघींना ठाऊक असणार की कोणामुळे.

हे बघ, ही फेरी सोड. आधी अंडं खा… खा म्हणते ना! मग पाना घे आणि सगळी उसवून पुन्हा शीव. एकूण एक बोल्ट, तुझी रेघ असली तरी. माझ्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नकोस. मग वाटलं तर जा. नाही वाटलं तर ये, पण ते तुझं तुला वाटलं पाहिजे.

आणि ते माझे तीन ठिपके खरवडून टाक. तिथे तुझी रेघ मार… बाटली आहे तिथे. डब्याच्या पिशवीत, अंड्यांच्या खाली बघ… अगं, असंच टाकली. म्हटलं, तिथे गेल्यावर आणखी कुठे काही उघडं राहिलेलं दिसलं तर…

हस. हस मेले. तेवढंच बरं वाटतंय मला ऐकून.

नाही, फोन नाही ठेवायचा. बाबांच्या खिशात राहू दे तसाच. मी बोलत नाही, नुसती ऐकते…

…

अहो?… किती झाले?… बरं, बरं, चालू द्या…

…

अहो, माझी पँट शिवून झाली, तुमचं काय?… सगळे?… आणि माझ्या त्या तिघांवर रेघ मारली तिने?… तुम्ही चष्मा लावून बघितलीत?… बोट फिरवून?… मग ठीक. द्या तिला जरा… हेल्मेट घातलं? म्हणजे ऐकू नाही जायचं आता. काय म्हणते ती?… तिचं तिला वाटलं म्हणते?… बरं. राहू दे मग. तिच्या जवळ धरा फक्त फोन.

ही टक्क कसली? आता चौथी कसली?… हेल्मेटची काच. हं… हं.

हा आपल्याच गाडीचा आवाज ना? मी ओळखला. इतकी वर्षं तुम्ही जिन्याखाली आलात की ऐकतेय मी तो… सुटली?… दिसतेय?… अहो, मला सांगत राहा ना, मला इथे फक्त भिंत दिसतेय… वळण आलं? मग ब्रेक दाबला का तिने? मागचा दिवा लागला असेल बघा, दिवा लागला का?

अहो हो, खरंच. दिवा तुमच्या उशाशी आहे.

मग कळणार कसं?… हळू झाली?… वाकली?… पुढे काय? अहो, पुढे काय?

वळली.

…

काही नाही. ऐकतेय… नाही हो, रडते कुठे? सुईत दोरा जात नाहीये, एवढंच. पुन्हा समोर आली की कळवा. ठेवते.