गिरणीतलं वय

कानाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाईंचा नंबर यायला अजून अवकाश होता. शेजारच्या बाकावर एक लेक आपल्या म्हाताऱ्या आईचा फॉर्म भरत होती. आईला कमी ऐकू येई, त्यामुळे दोघींचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जात होतं.

“आई, वय ब्याऐंशी लिहू ना?”

“शहात्तर लिही.”

“अगं, कार्डावर ब्याऐंशी आहे!”

“ते गिरणीतलं वय. चौदाच्या आतलं पोर कामावर घेत नसत, म्हणून बापानं मला आठाची चौदाची केली.”

“आणि कुणी तपासलंच नाही?”

“तपासायला सरकारी साहेब आला होता की! मी तुटलेलं सूत जोडत होते. त्यानं वय विचारलं. चौदा म्हणायला तोंड उघडलं, तर पुढचे दोन दात गायब.”

शिंपीणबाईंनी हातातलं मासिक मिटलं.

“मग गं?” लेकीनं विचारलं.

“म्हणाला, चौदाव्या वर्षी दुधाचे दात पडतात होय? मी म्हटलं, जिन्यावरून पडले. तो हसला. डोक्यावरून हात फिरवला, ‘बोटं सांभाळ’ म्हणाला आणि वहीत चौदा लिहून पुढे गेला.”

“भला माणूस म्हणायचा. दुसऱ्यानं घरी हाकललं असतं.”

“हाकललं असतं तर शाळेत गेले असते. त्या खडखडाटात कान तरी गेले नसते.”

“पण खोटं तूच बोललीस ना, आई?”

“मी आठ वर्षांची होते. तो केवढा होता?”