टेपवरचं हसू

दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन ती नंबराची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक जोडपं कुजबुजत होतं.

"अरे, मंत्र्यांची टर उडवली ती समालोचकांनी. सरकारी रेडिओनं त्यांना काढलंही. तू का घाबरतोस?"

"अगं, आवाजाची बटणं माझ्याकडे होती. माझाच माईक चुकून चालू राहिला. टेपवर मी खो खो हसतोय."

"तेच हसले म्हण."

"ते बोलतायत तेव्हाच मी हसतोय! उद्या साहेब ती टेप सगळ्यांसमोर लावणार. माझं हसू कोण ओळखणार नाही?"

"मग आजपासून हसूच नकोस."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा. साहेबांचं घर आपल्या भिंतीला लागून आहे."

तेवढ्यात तिच्या मांडीवरचं बाळ खुदकन हसलं. मागची कुजबुज एकदम थांबली.