नव्यासारखे चेंडू

मी, खेळाच्या बाई, वय ४७ वर्षे, धंदा प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी, राहणार शाळेमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की, कपाटाचे कुलूप मी तोडले. हे आधीच सांगते, म्हणजे हवालदारांना ते जबाबात शोधत बसायला नको.

सदर कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागे आहे. दारे काचेची आहेत. आत शाळेचे चेंडू, रिंगा आणि उड्या मारायच्या दोऱ्या असतात. सर्व सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत असते. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येतात. त्या दिवशी मुलांना रांगेत उभे करून सामान हातात देतात, फोटो काढतात आणि सामान परत पिशवीत घालतात. मागच्या साहेबांनी "साहित्य अगदी नव्यासारखे ठेवले आहे" असा शेरा दिला. मुख्याध्यापकांनी तो चौकटीत बसवून भिंतीला लावला आहे.

खेळाचा तास वेळापत्रकात आहे. त्या तासाला गणिताच्या बाई येतात आणि "आजच्या दिवस द्या हो तास" असे म्हणतात. हा आजचा दिवस मी नोकरीला लागल्यापासून चालू आहे.

यंदा तपासणीच्या साहेबांना हुक्की आली व त्यांनी तिसरीतल्या एका मुलीकडे चेंडू टाकला. हळूच टाकला, त्यांचा दोष नाही. मुलीने हात पुढे केले नाहीत. मोठे माणूस आपल्याकडे बघते आहे एवढेच तिला कळले, म्हणून तिने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवले. चेंडू नाकावर बसला, घोळणा फुटला. ती रडली नाही. बोट तोंडावरच होते. "शिस्त आहे हो पोरांना," असे साहेब म्हणाले. सदर मुलीला चेंडू झेलण्यात 'अ' श्रेणी आहे. सगळ्यांनाच आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली.

"बाई, खेळायला दिले तर चेंडू खराब होतील."

"आणि पोरं?"

"पोरांचं काय, ती दरवर्षी नवीन येतात."

गोळाफेकीचा गोळा त्यांचे दार मिटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असतो. शाळेत वापरात असलेले खेळाचे साहित्य तेवढेच. तो उचलून मी कुलपावर घातला. काचेला धक्का लागलेला नाही, नेम अजून चांगला आहे. मुख्याध्यापक टेबलाखाली गेले ते स्वतःहून. मी ढकलले नाही.

चेंडू घेऊन मी तिसरीच्या दारात गेले. तास खेळाचा होता, गणित चालू होते. "चला मैदानावर," म्हटले तर एकही मूल उठेना. सगळी गणिताच्या बाईंकडे बघत बसली. बाईंनी माझ्या हातातले चेंडू पाहिले, खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? जा की." ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या फिर्यादीत नाही.

सदर मुलीच्या हातून चेंडू पुन्हा पुन्हा सुटला. मग एकदा हातात बसला. तो तिने पोटाशी धरला, कोणी मागितला तरी सोडीना. "बाई, आता ह्याचं काय करायचं असतं?" असे तिने मला विचारले.

फिर्याद चोरीची आहे. नोकरी जाईल असे मुख्याध्यापकांनी मला ठाण्याच्या पायरीवर सांगितले. हवालदार भले आहेत. "रागाच्या भरात घडलं असं घालू का बाई? सुटाल," असे त्यांनी सुचवले. रागाच्या भरात घडले नाही. खेळाच्या तासात घडले. पुढच्या खेळाच्या तासाला कुलूप दिसले तर तेही तोडीन. गोळा जप्त झाला आहे, तर दुसरे काही बघेन.

पंचनाम्यात एक चेंडू कमी भरला. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही. तो हरवलेला नसून वापरात आहे, अशी नोंद घ्यावी.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. वाचताना ते श्रेणीच्या वाक्याशी थांबले. त्यांची मुलगी आमच्याकडे दुसरीत आहे, तिलाही 'अ' आहे. मग पुढे वाचले. पुढच्या तासाचे वाक्य खोडू का, असे त्यांनी आधी विचारले होते. वाचून झाल्यावर विचारले नाही. मी सही केली.