उजवीकडची रांग

डॉक्टर : बाबा, बाहेर दोन रांगा कशाला लागल्यात?

सासरे : एक तुझी, एक माझी. ती छोटी आहे ना, ती तुझी.

डॉक्टर : कंपाउंडर, तुम्हीसुद्धा सामील?

कंपाउंडर : मी फक्त नंबर देतो, मॅडम. डावीकडे दवाखाना, उजवीकडे पपई. लोकच उजवीकडे वळतात, त्याला मी काय करू?

सासरे : माझ्याकडे सुई नाही ना! पोटात जंत झाले, बिया वाटून मधातून. पायाला कुरूप झालं, कच्च्या पपईचा चीक. पोट साफ होत नाही, पिकलेल्या दोन फोडी. माझी आजी गावभर द्यायची.

डॉक्टर : आणि हेडमास्तरांच्या टकलाला साल बांधलीत, तीही आजीनेच सांगितली होती?

सासरे : नाही. ते आपलं मला सुचलं.

कंपाउंडर : टक्कल चकाकतंय मात्र झकास!

डॉक्टर : तुम्ही गप्प बसा हो. बाबा, आज सकाळपासून कुणाकुणाला काय दिलंत?

सासरे : पोस्टमनला फोडी. दूधवाल्याच्या मेहुणीला बिया. शिंप्याच्या छातीत जळजळत होतं, त्याला अर्धी पपई देऊन घरी पाठवलं.

डॉक्टर : नुसतंच जळजळत होतं?

सासरे : डावा हात जड झालाय म्हणाला. आता दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, म्हणजे हात भरून येणारच की.

डॉक्टर : घाम?

सासरे : घाम... हो. सदरा भिजला होता.

डॉक्टर : कंपाउंडर, ॲम्ब्युलन्स बोलवा! त्याचं घर कुठलं?

कंपाउंडर : चौकातलंच. पळा मॅडम, फोन लावतो!

(पाऊण तासाने, त्याच खोलीत.)

सासरे : वाचेल ना गं?

डॉक्टर : वाचेल असं वाटतंय. मोठ्या हॉस्पिटलात पोचलाय, वेळेवर.

कंपाउंडर : स्ट्रेचरवरसुद्धा पपई सोडेना! म्हणे, बाबांनी दिलीय, संपवायला हवी.

सासरे : अरे, हिसकावून फेकायची होतीस मेल्या!

डॉक्टर : पाणी प्या आधी. बाबा, एक खरं सांगा. तुमचं पोट बिघडतं तेव्हा तुम्ही पपई खाता?

सासरे : छे! मला तिचा वाससुद्धा सहन होत नाही. तुझ्या कपाटातल्या गोळ्या घेतो.

डॉक्टर : मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

सासरे : पस्तीस वर्षं स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसलो गं. लोक विचारायचे, मी सांगायचो. गाडी कुठली, फॉर्म कुठला, सगळं. रिटायर झालो नि एकदम सामसूम. मग एके दिवशी तो पोस्टमन म्हणाला, बाबा, पोट साफ होत नाही, काय करू?

डॉक्टर : उद्यापासून माझ्या दाराशी बसा. येईल त्याला विचारायचं, काय होतंय, कधीपासून होतंय. कागदावर लिहून मला आत द्यायचं. बस्स.

सासरे : आणि कुणी मलाच विचारलं, काय घेऊ म्हणून?

डॉक्टर : तर म्हणायचं, मला माहीत नाही.

सासरे : पस्तीस वर्षांत हे एकदाही म्हणालो नाही गं.