दुसऱ्या पानावरची चौकट

हॅलो?… हां, हेरंबभावजी, बोला. ड्यूटी सुटली?… लागला तक्ता भिंतीवर? सरस. छान दिसतोय ने?

हो, हो… नाही हो, मजकूर तोच. टाकी साफ करायची रीत थोडीच बदलते? मी फक्त कॉम्प्युटरवरचं इंजिन बदललं. मजकूर पानावर जुळवून देतं ना, ते. जुनं फार रखडायचं, एक ओळ हलवली की चहा होईपर्यंत बसा… हो, परवाच टाकलं नवं. आता बटण दाबलं की पान तयार.

कोण, तुमचे दादा?… सगळ्यांना दाखवत होते, माझ्या बायकोनं केलाय म्हणून?… पुरे हो. निजामपुऱ्यात कुणाला सांगू नका, सगळी सोसायटी लग्नपत्रिका घेऊन येईल माझ्याकडे.

हं?… कसली चौकट?… लाल. आहे की. 'झाकण उघडण्याआधी आतला दाब उतरवा.' तिसऱ्या पायरीखाली… नाही कशी? निघताना नीट वाचलात?… तिसरीनंतर सरळ चौथी? झाकण उघडा?

थांबा, थांबा. फाईल उघडते… अहो ऐका ना, जुना तक्ता आहे का अजून?… फाडला.

हां, उघडली. पहिलं पान… दोन पानं आहेत. दोन कशी? कायम एकच असायचं… आहे, भावजी, चौकट आहे. दुसऱ्या पानावर गेलीय. एकटीच. पहिल्यावर जागा पुरली नाही म्हणून या नव्या इंजिननं उचलून पुढे टाकली… नाही वाचलं मी परत. एक अक्षर बदललं नव्हतं ना, म्हणून.

मग दुसरं पान कुठंय?… हो, फ्रेममध्ये एकच बसतं. ठाऊक आहे मला.

आज टाकी कोण उघडतंय?… भावजी, कोण?

तुमचे दादा? अहो, पण ते मागच्याच आठवड्यात आलेत त्या खात्यात. त्यांना काय माहीत? ते तक्त्यावर बघूनच करणार… मी केलाय म्हणून तर जास्तच. डोळे मिटून विश्वास आहे त्यांचा.

फोन लावते त्यांना… कुठे?… गेटवर जमा. हो, सगळ्यांचेच… मग तुम्ही जा ना आत. पास गेला खड्ड्यात… नाही सोडत? बरं, ऐका. चौकीवाल्याला म्हणावं, अपघाताचा भोंगा वाजव. भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळे बाहेर येतात ना?… नंतर कोण काय बोलेल ते मी ऐकून घेईन. मी फोन धरून आहे…

काय म्हणतो?… साहेबाला विचारून? अहो, विचारत काय बसलाय… भावजी, भोंग्याचं बटण तुम्ही दाबा, तुम्हीच दाबा…

वाजला. ऐकू आला मला. वाजला बाई एकदाचा… काय?… तुम्ही नाही?… तो अजून साहेबालाच फोन लावतोय?

मग हा… आतून वाजतोय?… भावजी?… हॅलो?… हॅलो?